वही तिच्याच हातात हवी

पोरींनो, तुम्ही आता कामाला लागलात. कुणी सहयोगिनी म्हणून, कुणी प्रेरिका म्हणून गावोगाव जाल. बायकांना छोटा धंदा उभा करायला सोबत करायची, हे तुमचं काम. प्रशिक्षणाची पुस्तिका तुमच्याकडे आहेच. पुस्तिकेत नसलेलं, आम्हाला आमच्या आधीच्या बायकांनी सांगितलेलं, तेवढं मी तुमच्या कानावर घालते.

पहिल्या भेटीला फॉर्म नेऊ नका. फॉर्म दिसला की बाई कर्जाचं बोलायला लागते, कारण तुम्ही तेच ऐकायला आलात असं तिला वाटतं. नुसतं जाऊन बसा. नळाला पाणी किती वाजता येतं, सासूबाईंचं औषधपाणी कोण बघतं, पोरं शाळेतून कधी परततात, रानात कामाला कुठल्या महिन्यांत जावं लागतं, हे विचारा. तासाभराच्या गप्पांतून एक गोष्ट कळली पाहिजे: दिवसातले किती तास तिच्या स्वतःच्या ताब्यात आहेत. दुपारचे दोनच तास असतील, तर तिचा धंदा सुरुवातीला त्या दोन तासांत मावणारा हवा. तुम्ही आठ तासांचा आराखडा कागदावर काढून दिलात, तर उरलेले सहा तास तिच्या झोपेतून जातील आणि तीन महिन्यांत ती दुखणं काढेल.

मग तिला आधीपासून काय येतं ते बघा. 'काय शिकायला आवडेल' हा प्रश्न फार पुढचा. मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी काय पाहिलं ते ध्यानात ठेवा. गोवामुक्तीच्या लढ्यातून पुढे आलेली ही बाई. गिरणी कामगारांना आपल्या खोलीत डबा-जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका तिथे शेकड्यांनी होत्या. धंदा त्यांचा होताच, चवही होती, गिऱ्हाईकही बांधलेलं होतं. अडत होतं ते एवढंच की किराणा उधारीवर, त्यावर सावकाराचं व्याज, आणि कामगाराचे पैसे हातात यायचे महिन्याअखेर. प्रेमाताईंनी त्यांना नवीन काही शिकवायला घेतलं नाही. 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्या बायकांपर्यंत नेलं. तुमच्या गावातली बाईसुद्धा काहीतरी करत असतेच. कुणी शेळ्या पाळते, कुणी लग्नसराईत पोळ्या लाटायला जाते, कुणी ब्लाऊज शिवते. तिथे काय अडतं ते शोधा. गावातल्या दहा बायकांना एकाच दिवशी मेणबत्तीचं किंवा लोणच्याचं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रं वाटली, की संस्थेचा अहवाल भरतो आणि गावात एकाच मालाच्या दहा विक्रेत्या एकमेकींच्या समोर उभ्या राहतात.

आता हिशेब. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते आपलं खरं काम हेच आहे.

कुठल्याही बाईला विचारा, चकली काय भावाने देता? समजा ती म्हणाली, अडीचशे रुपये किलो. परवडतं का? 'परवडतं की, सुटतात थोडे पैसे.' हे 'थोडे' किती, ते तिच्याबरोबर बसून मांडा. दहा किलो चकलीचं उदाहरण धरा. धान्य, डाळी, मसाला आणि दळण 700 रुपये. तेल 450. गॅस 250. पिशव्या आणि लेबल 150. तालुक्याला माल पोचवायचं भाडं 150. झाले 1,700. विक्रीचे आले 2,500. हातात 800. इथपर्यंत बहुतेक बायका येतात आणि खूश होतात. आता पुढचा प्रश्न विचारा: काम कुणी केलं आणि किती वेळ? भाजणी भाजायची, दळून आणायची, उकड काढून मळायची, चकल्या पाडायच्या, तळायच्या, निवल्यावर भरायच्या. ती आणि तिची जाऊ मिळून दीड दिवस, म्हणजे दोघींचे धरून 24 तास. 800 भागिले 24, तासाला 33 रुपये. दिवसाला तीनशे रुपये रोजावर खुरपायला गेली असती, तरी तासाला याहून चार रुपये जास्तच मिळाले असते, आणि तेलाचा चटका बसला नसता.

हे आकडे तुमच्या गावच्या भावाने बदलतील. पण ही मांडणी झाली की बाई गप्प होते. तिला गप्प बसू द्या, मध्ये बोलू नका. आपल्या कष्टाला किंमत असते, हे तिला आजवर कुणी आकड्यात दाखवलेलं नसतं. घरातल्या कामाला पैसा नाही, म्हणून घरात बसून केलेल्या धंद्यातल्या कामालाही पैसा नाही, असं ती धरून चाललेली असते. तासाला 60 रुपये मजुरी धरली तर त्याच चकलीचा खर्चच किलोला 314 रुपये होतो, नफा त्याच्या वर. एवढ्या भावाला गावात गिऱ्हाईक मिळेल का? कदाचित नाही मिळणार. मग शहरातलं गिऱ्हाईक शोधायचं, की एकदम जास्त माल करून वेळ वाचवायचा, की चकली सोडून दुसरं काही करायचं, हे तिला ठरवू द्या. भाव तुम्ही ठरवून देऊ नका.

आणि वही तिने लिहायची. अक्षर वेडंवाकडं येऊ दे, आकडा चुकू दे, पुढच्या भेटीत दुरुस्त होईल. लिहिता येत नसेल तर खुणा करू दे: तेलाचं चित्र, पिठाचं चित्र, पुढे रेघा. बचत गटाच्या बैठकीत सचिव बाई सगळ्यांच्या वह्या लिहिते आणि बाकीच्या सह्या करतात, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. त्या सह्यांना अर्थ नाही.

पैसे कुठे जमा होतात ते बघा. आजकाल स्टॉलवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो कुणाच्या खात्याचा आहे? कितीतरी ठिकाणी तो नवऱ्याचा किंवा मुलाचा निघतो. खातं तिच्या नावाचं असलं तरी त्याला जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्याचा असतो, ओटीपी त्या फोनवर जातो. म्हणजे नावाला ती मालकीण आणि पैसा काढणारा दुसराच. यावर भांडण काढू नका. बँकेत नंबर बदलण्याचा एक पानी अर्ज असतो, तो तिच्याकडून भरून घ्या. घरातला माणूस विचारेलच, तेव्हा सांगा की कर्जाच्या कागदांना असंच लागतं. नवऱ्याला वैरी समजू नका. पाकिटं बंद करायला, माल पोचवायला त्याला जरूर बोलवा. खातं मात्र तिचंच राहिलं पाहिजे.

कर्जाचा विषय निघाला की एकच गोष्ट आधी विचारा: पैसा कशाला लागणार आणि वापरणार कोण? गटातून तिच्या नावावर कर्ज निघतं आणि पैसा दिराच्या गाडीला जातो, हे नवं नाही. हप्ता मात्र तिच्या मजुरीतून फिटतो. धंद्याचंच कर्ज असेल तर पहिलं कर्ज लहान ठेवा, गटाच्या अंतर्गत बचतीतून भागत असेल तर उत्तम. मोठं लागलंच तर मुद्रा योजनेतल्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. हप्ता धंद्याच्या हंगामाशी जुळतो का, हे सही करण्याआधी पाहा. फराळाचा पैसा दिवाळीत येतो. दर आठवड्याला दारात वसुलीला माणूस येणारं कर्ज अशा बाईच्या गळ्यात मारू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट होते, आधारवर, घरबसल्या. खाद्यपदार्थांच्या छोट्या घरगुती धंद्याला एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला 100 रुपये. या दोन कामांसाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर उठून या. पाकिटावर वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, पत्ता आणि नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवा.

मशिनच्या मोहात पडू नका. अनुदान आलं की शेवयांचं मशिन, मिरची कांडप, द्रोण-पत्रावळीचं मशिन घ्यायची घाई होते, कारण मार्चअखेर पैसा खर्ची पडायचा असतो. घेण्याआधी विचारा: वीज तिथे थ्री-फेज आहे का, बिघडलं तर दुरुस्त करणारा किती लांब आहे, आणि हाताने केलेला माल विकून संपतो का? हाताने केलेलाच माल पडून राहत असेल तर मशिनने पाचपट माल पडून राहील. समाजमंदिरात चादर झाकून ठेवलेली मशिनं मी जिल्ह्याजिल्ह्यांत पाहिली. त्यांचं उद्घाटन थाटात झालं होतं.

विक्रीचं सांगते. पहिला माल नातेवाईक घेतात, संस्थेतल्या बायका घेतात, अधिकारी घेतात. हे कौतुकाचं गिऱ्हाईक आहे, त्यावर भाव ठरवू नका. त्याच माणसाने महिन्याभरात दुसऱ्यांदा मागणी केली का, हे वहीत वेगळं लिहायला लावा. बचत गटांच्या सरस प्रदर्शनात किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत बायकांना नेलंत तर विक्रीच्या आकड्याबरोबर गिऱ्हाईकांचे फोन नंबर किती आणले तेही विचारा. चार दिवसांचा गल्ला घरी जाईपर्यंत संपतो, नंबर वर्षभर उपयोगी पडतात. मालाची प्रत एकच ठेवायला सांगा. लिज्जतच्या सात जणींनी 1959 मध्ये गिरगावात 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, तेव्हा चांगला आणि स्वस्तातला असे दोन प्रकार त्या करत होत्या. ज्यांनी पैसे दिले त्या छगनलाल पारेखांनी त्यांना एकच उत्तम पापड करायला आणि हिशेब चोख ठेवायला सांगितलं. देणग्या मागायच्या नाहीत हे त्या बायकांनी आपलं आपणच ठरवलं होतं. पैसे देणाऱ्याने कसं वागावं आणि घेणाऱ्याने कसं वागावं, दोन्ही त्यात आलं.

आता तुमच्या स्वतःच्या वागण्याबद्दल. बँकेत गेलात तर खुर्चीवर तिला बसवा, तुम्ही मागे थांबा. शाखाधिकारी तुमच्याकडे बघून बोलेल, तुम्ही तिच्याकडे बघा. ती अडखळेल. तरी वाक्य तिलाच पुरं करू द्या.

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. चेतना सिन्हांनी माण तालुक्यातल्या बायकांची सहकारी बँक काढायचा अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला, कारण पुष्कळ सभासदांचे अंगठे होते. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला लिहायला वाचायला शिकवलं गेलं नाही, पण आकडेमोड येते, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. 1997 मध्ये परवाना मिळाला. पुढे पिन नंबरची वेळ आली तेव्हा बायकांनी अंगठाच बरा म्हटलं, कारण पिन कुणी चोरू शकतो, अंगठा चोरता येत नाही. आधी ज्या अंगठ्यामुळे दार बंद झालं होतं, तोच त्यांनी शहाणपणाने मागून घेतला. तुमच्या शहाण्या योजनेत बाईने खोट काढली तर ती आधी ऐका, वहीत लिहा, वरच्या ऑफिसला कळवा. बहुतेक वेळा ती बरोबर असते.

एखादीचा धंदा बसेल. माल परत येईल, भांडवल बुडेल, गटात तोंड दाखवायला ती लाजेल. अशा वेळी तिच्या घरी जाणं टाळू नका. यशोगाथेसाठी फोटो काढायला आपण जातो, तेवढ्याच पावलांनी तिच्याकडेही जायचं. वही उघडा आणि पैसा कुठे अडकला ते तिच्याबरोबर शोधा. उधारीत अडकला असेल तर वसुलीला गटातल्या दोघींना तिच्यासोबत पाठवा. आणि पुढचा हप्ता चुकणार असेल तर आधीच बँकेला कळवा, थकल्यावर कळवून उपयोग नसतो. धंदा बंद करणं हाही तिचा निर्णय असू शकतो, त्यात तिची लाज काढू नका.

जी बाई उभी राहिली, तिच्याकडे दर आठवड्याला जायचं थांबवा. तिलाच दुसऱ्या गावच्या नव्या बाईकडे न्या. तुमच्यापेक्षा ती चार वाक्यांत जास्त शिकवेल, कारण तेलाचा भाव तिला तोंडपाठ असतो.

शेवटी एक विनंती, ही या पोरींशिवाय इतरांनाही आहे. निवृत्त बँक कर्मचारी, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, किराणा दुकान चालवून आता घरी बसलेले काका, तुमच्याकडे हिशेबाचं जे ज्ञान आहे त्याची गावागावांतल्या गटांना पैशांपेक्षाही जास्त गरज आहे. उमेदचा, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, तालुका कक्ष पंचायत समितीत असतो; माविमचं, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचं, कार्यालय जिल्ह्याच्या गावी. तिथे जाऊन आठवड्याचे दोन तास द्यायची तयारी आहे असं सांगा. आणि त्यांच्या स्टॉलवर गेलात तर भाव कमी करायला सांगू नका.