स्क्रीन नाही, मग कोडिंग कसलं?

प्रश्न : नातू ज्युनिअर केजीत आहे. शाळेने ‘स्क्रीनशिवाय कोडिंग’चा तास सुरू केलाय, फी वेगळी. सून म्हणते, आत्ता घातलं नाही तर मागे पडेल. मुलगा म्हणतो, पैसे उकळायचे धंदे. कॉम्प्युटरच नाही, तर पोरं शिकतात तरी काय?
– एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, यंत्राला द्यायच्या सूचना क्रमाने लावणं म्हणजे कोडिंग. त्याला पडदा लागतोच असं नाही. अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे तिच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारं यंत्र-कासव आलं. आजची ‘बी-बॉट’ ही पिवळी मधमाशी त्याच कुळातली. पाठीवर बटणं : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. ती ओळीने दाबायची, मग ‘गो’. ‘पुढे’ किंवा ‘मागे’च्या एका सूचनेला माशी १५ सेंटिमीटर सरकते.

खरी गंमत वळणावर. ‘डावीकडे’ दाबलं की माशी जागच्या जागी वळते. पोरांना मात्र वाटतं, ती डावीकडच्या चौकोनात जाईल. त्यात तिचं तोंड आपल्याकडे असलं की तिचं डावं ते आपलं उजवं. आधीच्या सूचना पुसायच्या राहिल्या, तर ती त्याही इमानेइतबारे पार पाडते! मूल बघतं, चक्रावतं, पुन्हा बटणं दाबतं. शिकणं असतं ते या घोळात. आणि नेमके तिथेच शेजारी बसलेले बाबा ‘अरे, असं नाही’ म्हणत स्वतः बटण दाबून मोकळे होतात.

पालकांना हा तास भावतो, कारण दोन धास्त्या एकदम मिटतात : मोबाइलची आणि मागे पडण्याची. पहिली रास्त आहे. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दुसरी जाहिरातींनी पोसलेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग येतं ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात. सूनबाईंना तेवढं सांगा.

फी भरण्याआधी तास बघू देतात का, विचारा. वीस पोरांत एकच माशी असेल, तर नातवाच्या वाट्याला नुसती रांग. तोवर घरच्या लाद्या आहेतच. त्याला म्हणावं, आजीला स्वयंपाकघरात पोचव : दोन लाद्या पुढे, डावीकडे वळ, एक पुढे. तो सांगेल तेवढंच करा, भिंत आडवी आली तरी. मुलाला आणि सुनेला मात्र मध्ये बोलू देऊ नका.