जुन्या कळपात नव्या कोंबड्यांचा प्रवेश

गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी आणि सीमेपलीकडील खानापूर यांसारख्या तालुक्यांत घरामागील परसात आठ-दहा कोंबड्या पाळण्याची प्रथा जुनी आहे. या कोंबड्यांवर होणारा खर्च अल्प असतो. घरातील उरलेसुरले अन्न, कणी, कोंडा आणि परसातील किडे-मुंग्या यांवर त्यांचे बरेचसे पोषण होते. अंड्यांचे उत्पन्न बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येते व मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून औषधपाण्यापर्यंतच्या लहानसहान गरजा त्यातून भागतात. कोंबड्यांचे वय झाले, एखाददुसरी मुंगसाने नेली, म्हणजे संख्या घटते आणि बाहेरून नव्या तलंगा आणणे भाग पडते. नेमका हाच काळ कळपाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो.

या वेळी दोन प्रकारचे धोके संभवतात. एक रोगाचा व दुसरा भांडणाचा. भांडण लगेच दिसते, म्हणून त्याची चिंता अधिक केली जाते. रोग दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः भांडणाने एखादी कोंबडी दगावेल, परंतु रोगाने सारे खुराडे आठवडाभरात रिकामे होऊ शकते. म्हणून प्रथम रोगाचा व नंतर भांडणाचा विचार करणे इष्ट होय.

रोगाचा धोका

आठवड्याच्या बाजारात अनेक घरांच्या कोंबड्या एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या असतात. त्यांपैकी एक जरी रोगी असली तरी इतरांना लागण होते. राणीखेत ऊर्फ मानमोडी हा त्यांतील सर्वांत घातक रोग. विषाणूने होणाऱ्या या रोगाला उत्तराखंडातील राणीखेत या गावावरून आपल्याकडे हे नाव मिळाले. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दोन ते पंधरा दिवस जातात. या अवधीत कोंबडी वरकरणी धडधाकट दिसते व दाणेही टिपते. या रोगावर औषध नाही, लस हाच उपाय आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ जातीच्या लसीचा थेंब डोळ्यात वा नाकपुडीत टाकतात व पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचतात. लस दिल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. अंगी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आज लस देऊन आजच कळपात सोडणे म्हणूनच व्यर्थ होय.

सर्दीसारख्या काही रोगांतून बरी झालेली कोंबडी पुढेही त्या रोगाची वाहक राहू शकते. उलटपक्षी, जुन्या कळपाला सवयीची झालेली रक्ती हगवण नव्या तलंगांना बाधू शकते. धोका असा दोन्ही बाजूंनी असतो.

विलगीकरण

नव्या कोंबड्या शक्यतो लसीकरणाची माहिती देणाऱ्या ओळखीच्या ठिकाणाहून अथवा शासकीय कुक्कुट केंद्रातून घ्याव्यात. कोठूनही आणल्या तरी त्यांना तीस दिवस वेगळे ठेवावे. ही जागा जुन्या खुराड्यापासून शक्य तितकी दूर असावी, भांडी वेगळी असावीत, आणि दाणापाणी देताना आधी जुन्या कळपाचे काम उरकून मग नव्यांकडे जावे. त्यानंतर हातपाय स्वच्छ धुवावेत. चपलांना लागलेल्या विष्ठेतूनही रोग पसरतो.

या महिन्यात त्यांची रोज पाहणी करावी. डोळ्यांतून वा नाकातून पाणी येणे, मान वाकडी होणे, हिरवट हगवण, मिटून बसणे ही रोगाची चिन्हे होत. पंखांखाली व गुदद्वाराभोवती उवा आहेत काय हे पाहावे आणि जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. लस राहिली असल्यास ती याच अवधीत देता येते.

जत्रेसाठी किंवा पाहुण्यांसाठी आणलेला कोंबडा दोन दिवस परसात मोकळा सोडण्याची चूक अनेक घरी होते. असा कोंबडाही डालग्याखाली, कळपापासून दूरच ठेवावा.

मानाची उतरंड

आता भांडणाविषयी. कोंबड्यांच्या कळपात मानाची एक ठरलेली उतरंड असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थॉर्लिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी 1922 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सर्वांत वरची कोंबडी कोणालाही टोचते, तिला कोणी टोचत नाही. सर्वांत खालची सर्वांचे टोचणे सहन करते. क्रम एकदा ठरला की नुसती मान उंचावली तरी पुरते, आणि कळपात शांतता नांदते. नवी कोंबडी आली की तिचे स्थान ठरवावे लागते, व ते चोचीनेच ठरते. हे टोचणे सर्वस्वी थांबविता येत नाही. ते सौम्य करणे व लवकर संपविणे एवढेच पाळणाऱ्याच्या हाती असते.

यासाठी काही पथ्ये आहेत. एकटी कोंबडी आणू नये, कारण सर्व रोष तिच्यावर येतो. निदान दोन-तीन तरी एकत्र आणाव्यात. लहान पिले मोठ्यांत सोडू नयेत. नव्या तलंगा अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास आल्यावरच मिसळाव्यात. आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरेसा असतो, म्हणून जुना कोंबडा असता नवा आणू नये. भर पावसाळ्यातही मिसळणी टाळावी. त्या वेळी खुराडे दमट असते, कोंबड्या आत दाटीने बसतात व रक्ती हगवणीस वाव मिळतो.

जाळीआडची ओळख

विलगीकरणाचे तीस दिवस निर्विघ्न पार पडल्यावर नव्या कोंबड्यांचा पिंजरा जुन्या कळपाच्या परसात आणावा. मध्ये तारेची जाळी अथवा बांबूच्या कामट्यांची ताटी असावी. दोन्ही बाजूंनी परस्परांना पाहता यावे, मात्र टोचता येऊ नये. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही अंगांस जवळ ठेवली म्हणजे शेजारी खाण्याची सवय लागते. सात ते दहा दिवस असे चालू द्यावे.

प्रत्यक्ष मिसळणी

पहिली मिसळणी मोकळ्या परसात, दिवसा, घरातील कोणी लक्ष देण्यास असताना करावी. प्रारंभी तास-दोन तास सोडून पुन्हा वेगळे करावे व हा अवधी रोज वाढवीत न्यावा. दाणा व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, जेणेकरून एकच दांडगी कोंबडी सर्व भांडी अडवू शकणार नाही. माडाच्या झावळ्या तिरप्या टेकवून किंवा करंड्या उपड्या ठेवून आडोसे करावेत. पळणारी कोंबडी नजरेआड झाली की पाठलाग बहुधा थांबतो. आडोसा दोन्ही बाजूंनी खुला असावा, नाहीतर तोच सापळा ठरतो.

पुढे रात्री अंधार पडल्यावर नव्यांना जुन्यांशेजारी बसवावे. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीस दीड ते दोन चौरस फूट जागा व बसण्याच्या काठीवर सुमारे आठ इंच लांबी मिळावी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा ही जात गावठीपेक्षा जड असते. अशा जड कोंबड्यांसाठी काठी हात-दीड हात उंचीवरच असावी. पहाटे खुराडे लवकर उघडावे.

किरकोळ टोचाटोची आठवडाभरात निवळते. मात्र रक्त दिसताच हस्तक्षेप करावा, कारण लाल जखमेवर इतर कोंबड्याही चोच मारतात. जखमी कोंबडी वेगळी काढून जखम धुवावी व ती भरून येईपर्यंत परत सोडू नये. एखादी कोंबडी सतत छळत असल्यास तिलाच तीन-चार दिवस वेगळे ठेवावे. परतल्यावर तिचा जोर बहुधा ओसरलेला असतो.

खाद्याविषयी दक्षता

अंड्यांवरील कोंबड्यांच्या खाद्यात चुन्याचे प्रमाण अधिक असते. अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडास ते अपाय करते. मिश्र कळपाला वाढीचे खाद्य द्यावे व तिसऱ्यांच्या वा अन्य शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. गरज असलेल्या कोंबड्या तो आपणहून टिपतात.

मरतूक झाल्यास

एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्यास त्या विकू नयेत, खाऊ नयेत, ओहोळात वा उकिरड्यावर टाकू नयेत. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. भारतात पाळीव कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे झाली. तेव्हापासून अशी सूचना वेळेवर मिळण्याचे महत्त्व फारच वाढले आहे.

शिक्षकांसाठी

मानाची उतरंड हा शाळेतील निसर्गअभ्यासाचा उत्तम विषय आहे. पाच-सहा कोंबड्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांची सैल कडी घालावीत. विद्यार्थ्यांनी दाणा टाकल्यानंतर दहा मिनिटे दुरून पाहून कोणी कोणास टोचले याची तक्त्यात नोंद करावी. आठवड्याच्या नोंदींवरून क्रम सहज मांडता येतो.

सारांश, नव्या कोंबड्या घरी आणल्यापासून कळपात पूर्णतः मिसळेपर्यंत सुमारे सहा आठवडे द्यावेत. यासाठी एक वेगळा पिंजरा, थोडी जाळी व दोन जादा भांडी एवढेच साहित्य लागते. हा अल्प खर्च व धीर नसल्यास वर्षानुवर्षे जोपासलेला कळप एका बाजारहाटाने गमावण्याची वेळ येऊ शकते.