विसाव्या वर्षीचं म्हातारपण

आधीच सांगून टाकते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, यात माझा अजूनही गोंधळ होतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आकडे मात्र मी अंकांतच लिहिणार आहे, त्यामुळे तिथे घोटाळा होणार नाही!

विषय आहे म्हातारपण. "अगं, तुला विसाव्या वर्षी हे काय सुचलं?" असं माझी रूममेट म्हणाली. त्याचीच गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी मला मॅथ्समध्ये केटी लागली. घरी सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटी ठरवलं, आधी आजोबांना सांगायचं, म्हणजे ते बाबांना सांभाळून घेतील. रविवारी फोन केला.

"आजोबा, मला केटी लागली."

"काय? पेटी? अरे वा! कधीपासून शिकतेस? रियाज सोडू नकोस हं!"

मी हसायला लागले, कॉरिडॉरमधल्या मुलीही हसल्या. खरं सांगायचं राहून गेलं. (खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.) आजोबांनी अख्ख्या आळीत सांगितलं की नात पेटी शिकतेय. त्यानंतर दर रविवारी तेच. "जेवलीस का? अभ्यास कसा चाललाय? पेटी कुठवर आली?" मी काहीतरी सांगायची, त्यांना भलतंच ऐकू यायचं, मग मी ओरडायची, "आजोबा, नीट ऐका ना!" एका रविवारी फोनमधून त्यांचा आवाज ऐकू आला. ते आजीला म्हणत होते, "तूच बोल बाई. मला समजत नाही नि मग ती चिडते."

त्या दिवशी मेसमध्ये जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन बसले आणि जे वाचलं, ते तुमच्यापुढे मांडते.

१. कान : लवकर जाणारा पार्ट

आपल्या प्रत्येक कानात आत एक गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करायचं काम त्यांचं, म्हणजे आपल्या भाषेत ट्रान्सड्यूसर! वेगवेगळ्या जागच्या पेशी वेगवेगळी फ्रिक्वेन्सी पकडतात. शंखाच्या तोंडाशी उंच, बारीक आवाजांच्या पेशी असतात नि खोल आत खर्जाच्या. वयानुसार पहिल्यांदा जातात त्या तोंडाशी असलेल्या. आणि माणसाच्या कानात एकदा गेलेली केसपेशी परत येत नाही. स्पेअर पार्ट मिळतच नाही.

पुस्तकात लिहिलेलं असतं की माणसाला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं. पण ते लहान मुलाचं स्पेसिफिकेशन आहे, बरं का! वरची मर्यादा विशीपासूनच खाली यायला लागते. २००५ साली वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या गृहस्थाने दुकानांसमोर घोळका करणाऱ्या पोरांना हाकलायला एक यंत्र काढलं. ते सुमारे १७ किलोहर्ट्झचा त्रासदायक आवाज काढायचं. पोरांना तो ऐकू यायचा, पंचविशीच्या पुढच्या बहुतेकांना नाही. पोरंही काही कमी नव्हती. त्यांनी तोच आवाज मोबाईलची रिंगटोन म्हणून वापरला, म्हणजे वर्गात सरांना कळायलाच नको! २००६ साली स्टेपलटनना यासाठी इग नोबेल हे गमतीदार बक्षीस मिळालं.

आता माझ्या पेटीकडे येऊ. बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ए, ई, हे कमी फ्रिक्वेन्सीचे आणि दणकट असतात. क, प, त, स, श, फ अशा व्यंजनांची ओळख पटते ती उंच फ्रिक्वेन्सीवरून, आणि ती असतातही हळू आवाजाची. म्हाताऱ्या माणसाचे स्वर शाबूत राहतात, व्यंजनं गळतात. "केटी" मधलं पहिलं व्यंजन काढा, काय उरतं? "एटी". "पेटी" मधलं काढा. तेही "एटी"! आजोबांच्या मेंदूने रिकामी जागा भरली, एवढंच. नातीबद्दल चांगलंच मनात आलं त्यांच्या, म्हणून त्यांनी पेटी भरली.

म्हणूनच म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण समजत नाही." आपण ओरडलो की वाढतो तो मुख्यतः स्वरांचा आवाज. व्यंजनं तिथेच राहतात. त्यातून फोन! ई अँड टीसीवाल्यांना पाठ असेल, साध्या टेलिफोन कॉलची बँडविड्थ ३०० ते ३४०० हर्ट्झ. म्हणजे वरची फ्रिक्वेन्सी आधी फोनने कापली, उरलीसुरली वयाने. दोष ना त्यांचा ना माझा, पण चिडले मी.

आणि आपण? इअरफोन कानात खुपसून झोपणाऱ्यांनी हे वाचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. कारण १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता १० पट होते. मग वेळ १० पट कमी नको का?

२. डोळा : दहावीच्या आधीच रिटायरमेंट सुरू

हा प्रयोग आत्ताच करा. चष्मा असेल तर लावा, एक डोळा मिटा आणि पेनचं टोक हळूहळू डोळ्याजवळ आणा. जिथे ते पुसट व्हायला लागेल तिथलं अंतर पट्टीने मोजा. विसाव्या वर्षी ते साधारण १० सेंटीमीटर येतं. पंचेचाळिशीच्या आसपास २५ आणि साठीत जवळपास १ मीटर. मीटरमधल्या अंतराचा व्यस्त घेतला की डायॉप्टर मिळतात. म्हणजे आपली फोकस करायची ताकद १० डायॉप्टर, बाबांची ४ आणि आजोबांची १.

गंमत म्हणजे ८-१० वर्षांच्या मुलाकडे ही ताकद साधारण १४ डायॉप्टर असते. म्हणजे आपली उतरंड शाळेतच सुरू झाली, फक्त कुणाला कळली नाही! कारण काय, तर डोळ्यातलं भिंग आयुष्यभर वाढत राहतं. कांद्यासारखे बाहेरून नवे थर चढतात, जुने आत दाबले जातात. भिंगाच्या अगदी मधला भाग तर आपण जन्मायच्या आधी बनलेला असतो. हळूहळू भिंग कडक होतं, त्याचा आकार बदलत नाही आणि जवळचं दिसत नाही.

शिवाय वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. माझी आजी गोधडी शिवताना दर वेळी म्हणायची, "एवढी सुई ओवून दे गं," आणि मी मोबाईलमधून मान वर न करता "थांब, आलेच" म्हणायची. आता कळतं, आधी जास्त उजेडाचा दिवा लावून द्यायला हवा होता.

३. हृदय आणि हाडं : तीन आठवडे विरुद्ध तीस वर्षं

हा किस्सा खास लोळणाऱ्या हॉस्टेलाइट्ससाठी. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे २० वर्षांच्या ५ धडधाकट तरुणांना ३ आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं. ३ आठवड्यांनी मोजलं तर जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा २५ टक्क्यांहून जास्त घसरला होता. पुढे ३० वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाचजणांना शोधून परत मोजलं. तीस वर्षांच्या वयाने झालेली घसरण फक्त ११-१२ टक्के!

म्हणजे विसाव्या वर्षी तीन आठवडे लोळणं हे तीस वर्षं म्हातारं होण्यापेक्षा महाग पडलं. (सॅम्पल साईज ५ आहे, हे मला मान्य. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी रागावू नये.) पुढचं ऐका. पन्नाशीतल्या त्या पाचजणांनी सहा महिने हळूहळू व्यायाम वाढवला, आणि तो आकडा परत विशीतल्या मूळ पातळीवर आला.

हाडांचंही तसंच. जन्मताना आपल्या शरीरात २७० ते ३०० हाडं असतात, ती जुळत जुळत मोठेपणी २०६ उरतात. पण ती निर्जीव सळ्या नाहीत. जुनं हाड सतत खरवडलं जातं, नवं घातलं जातं. आणि जिथे भार पडतो तिथे ते घट्ट होतं. अंतराळात भारच नसतो, म्हणून अंतराळवीरांच्या कमरेची-मांड्यांची हाडं महिन्याला १ ते १.५ टक्का घनता गमावतात. हाडांची ही पुंजी साधारण पंचविशी-तिशीपर्यंत जमा होते, पुढे फक्त विड्रॉवल. आपलं खातं अजून उघडं आहे. लिफ्ट सोडून जिना चढलात तरी काहीतरी जमा होईल.

४. आपलं खरं वय किती?

शेवटचं आश्चर्य. आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत बदलतं, तांबडी रक्तपेशी १२० दिवस जगते. मग मेंदूच्या पेशींचं वय कसं मोजणार? १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ खूप वाढला. १९६३ च्या करारानंतर तो वर्षागणिक कमी होत गेला. तो झाडांतून अन्नात आणि अन्नातून आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये आला, म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मतारखेचा शिक्काच! स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये हा शिक्का वाचून दाखवला. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी जवळजवळ माणसाइतक्याच वयाच्या निघाल्या. म्हणजे आजोबांनी ज्या पेशींनी स्वतःचे पाढे पाठ केले, त्याच पेशींनी ते आज मला ऐकायचा प्रयत्न करताहेत.

तर मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आजोबांच्या समोर बसले, उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. टीव्ही बंद केला. न ओरडता, सावकाश म्हणाले, "आजोबा, पेटी नाही. के-टी. मी गणितात नापास झाले होते."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पेटी शिकतच नाहीस?"

"नाही."

"गणिताचं काय गं, ते सुटेल. पेटीचं मात्र वाईट वाटलं."

त्यानंतर आम्ही दोन तास बोललो. मी त्यांना श्रवणयंत्राचं सांगितलं, की ते नुसता आवाज वाढवत नाही, इक्वलायझरसारखं ज्या फ्रिक्वेन्सी गेल्या तेवढ्याच उचलतं. "म्हणजे माझा क परत मिळणार?" असं विचारून ते कानाच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले. यंत्राची सवय व्हायला बरेच आठवडे लागले. कुकरची शिट्टी नको तितकी ऐकू येते, ही तक्रार अजून आहे.

तुमच्याही घरी कुणी "काय? काय म्हणालास?" विचारत असेल तर एवढंच करा. समोर बसा, ओठ दिसू द्या, सावकाश बोला आणि तेच वाक्य ओरडून परत म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगा. फोनवर तर नक्कीच.

हो, केटी सुटली. आणि रविवारी संध्याकाळी पाच ते सहा माझा फोन एंगेज असतो, मैत्रिणींनी नोंद घ्यावी.