बोलतो घडाघडा, मग वाचन का अडतं?

प्रश्न : माझ्या नातवाला जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या मेंदूत स्ट्रोक निघाला. आता तो सहा वर्षांचा आहे. बोलतो घडाघडा, पण वाचन आणि बेरजा जमत नाहीत. लहान मेंदू सगळं भरून काढतो म्हणतात, मग हे असं का?

उत्तर : ‘लहान मेंदू सगळं भरून काढतो’ हे अर्धंच खरं आहे. मार्गारेट केनार्ड यांनी १९३०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. कमी वयात इजा झालेली माकडं अधिक सावरताना दिसली आणि तिथून हा समज पसरला.

भाषेपुरता तो बराच टिकतो. मोठ्या माणसाच्या डाव्या मेंदूत स्ट्रोक झाला तर वाचा जाऊ शकते. नवजात बाळात मात्र भाषेचं काम बऱ्याचदा उजवा मेंदू उचलतो, बहुधा म्हणूनच तुमचा नातू बोलतो. पण उजव्या मेंदूला स्वतःची कामंही असतात; एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहू लागली की अडचण होणारच. चित्र जुळवणं, जागेचा अंदाज, कामाचा वेग यांच्या वाट्याला कमी जागा उरू शकते.

शिवाय उणीव उशिरा दिसते. बालवाडीत गाणी म्हणायची असतात. पहिलीत फळ्यावर बघून लिहायचं, हातचा लक्षात ठेवायचा. ज्या क्षमतेची आधी गरजच नव्हती, तिची कमतरता तेव्हा कुठे कळते. मूल आळशी झालेलं नसतं आणि मेंदूची इजाही वाढलेली नसते.

आता फिट्सचं. माझ्या मते घरात सर्वांत कमी बोललं जातं ते यावर. अशा मुलांमध्ये ज्यांना पुढे अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) जडतो, त्यांची बौद्धिक वाढ इतरांपेक्षा मागे पडण्याचा धोका जास्त असतो. हात झटकणारी फिट सगळ्यांना दिसते; पण काही मुलांच्या मेंदूत झोपेतच विजेचे अनियमित झोत उसळत राहतात. बाहेरून मूल शांत झोपलेलं दिसतं, पण दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याच्या कामात खंड पडतो. जागेपणीचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) चांगला आला तरी हे निसटू शकतं. तेव्हा ‘झोपेतला ईईजी करायचा का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा.

फिट्सवरच्या काही औषधांनीही सुस्ती येते, विचार मंदावतो. तशी शंका आली तर डॉक्टर औषध किंवा मात्रा बदलू शकतात. मात्र गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. त्या एकदम बंद केल्या तर फिट्स उलट वाढू शकतात.