अन्नसत्रातील पंगत

गेल्या चातुर्मासात मुंबईस परळ भागात कीर्तनसेवेचा योग आला. कीर्तन रात्रीचे, दिवस मोकळा. म्हणून यजमानांच्या मुलास बरोबर घेऊन तेथलेच एक लहानसे अन्नसत्र पाहावयास निघालो. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. आणि १९४१ चे टाटा, ही दोन्ही मोठी रुग्णालये याच भागात. रोगी आत खाटेवर. सोबतचा माणूस पुष्कळदा बाहेर पदपथावर. हे हाल ओळखून श्रीगाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगी व त्यांचे नातलग उतरतात. इमारती एवढ्या उभ्या केल्या, पण स्वतः महाराज मागून आणलेली भाकरी खापरात घेऊन खात.

आम्ही पोचलो तो पंगत बसत होती. वरण, भात, पोळी, दुधीची भाजी. व्यवस्थापकांनी आमच्यासाठी निराळी खुर्ची मांडली. खरे सांगतो, क्षणभर बरे वाटले! चाळीस वर्षे कीर्तनकाराचा मान खाल्लेला देह, त्याला सवय जडते. पण समोर एक माळकरी खाली मान घालून बसला होता, त्याच्या शेजारी जाऊन मांडी घातली. त्याने वाकून पाया पडायचे केले, आम्हीही त्याच्या पाया पडलो.

गृहस्थ माळशिरस तालुक्यातले. मुलगा आजारी, दीड महिना येथे. पानातला भात तसाच. विचारले, तेव्हा म्हणाले, "महाराज, माउलींची पालखी आमच्याकडून जाते. दरसाल दिंडीची एक पंगत आमच्या दारात उठते. आज मीच हात पसरून बसलोय, घास उतरत नाही."

आता आमची पाठशाळेतली विद्या उचंबळून आली. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत दहाव्या अनुवाकात सांगितले आहे की, आश्रयास आलेल्या कोणासही परत लावू नये. आणि अन्न ज्या रीतीने द्यावे, त्याच रीतीने ते देणाऱ्याकडे परत येते. तेथे देण्याचे तीन प्रकार आहेत, मुख्य, मध्यम आणि अखेरचा. भाष्यात श्रीशंकराचार्य 'मुख्य' याचा एक अर्थ पहिल्या वयात दिलेले असा करतात, दुसरा पूजापूर्वक दिलेले असा. अखेरचे ते अपमानाने दिलेले. म्हणजे पदार्थ तोच, पण वाढणाऱ्याच्या रीतीवर पायरी ठरते. हे सर्व त्यांना सांगून म्हटले, "अहो, तुम्ही वारकऱ्याला पूजून वाढलेत, तेच फिरून तुमच्या पानात आले. तुमच्या दारी जेवला तो वारकरी भिकारी होता काय?"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "खरं आहे महाराज. पण आमच्या दारात कुणाला चिठ्ठी दाखवावी लागत नव्हती."

दाराशी रुग्णालयाचा कागद पाहून पितळी बिल्ला देत होते. आम्हांस मात्र कोणी विचारले नव्हते. यावर उपनिषदात उत्तर शोधू लागलो, सापडेना.

उठल्यावर व्यवस्थापकांस हळूच विचारले. बिचारे प्रामाणिक माणूस. म्हणाले, "शिधा मोजका, माणसे दुप्पट. कागद पाहिला नाही तर खरा रोग्याचा माणूस उपाशी जातो. कसं करू, तुम्हीच सांगा." आम्ही काय सांगणार? एवढेच बोललो, की कागद पाहा, पण उभ्याने, दाराच्या चौकटीत पाहू नका. आत बसवून, पाणी देऊन मग पाहा. ते "बरं" म्हणाले. पुढे काय झाले ते पुन्हा जाईन तेव्हा कळेल.

तेवढ्यात दुसरी पंगत बसली. वाढपी कमी होते. आमचे माळकरी हात धुऊन आले, कोणास न विचारता वरणाची बादली उचलली, उपरणे कमरेला गुंडाळले आणि पहिल्या पानापाशी वाकून म्हणाले, "घ्या माउली, सावकाश होऊ द्या."

आम्ही भाताचे पातेले घेऊन त्यांच्या मागे निघालो.