भात वाढू का?

सासूबाई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. रात्रीची जेवणं चालली होती. नववीतली आमची लेक वरणात बोट फिरवत एकदम म्हणाली, "आई, आजीसाठी आपण रोज प्रार्थना केली. अख्ख्या मंडळीने केली. तरी ती गेलीच ना? मग मागायचं तरी कशाला?"

मी काय म्हणाले असेन? "भात वाढू का?"

खोटं कशाला सांगू, घाबरले होते. आईला उत्तर येत नाही हे हिला कळलं तर, याचीच भीती. तिने भात घेतला नाही. ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि खोलीत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तिने मला तसलं काही विचारलं नाही, आणि मी मूर्खासारखी सुटकेचा श्वास सोडला.

आपल्या घरांत हे असंच चालतं ना? रविवारी सकाळी मोजा सापडत नाही, कुकरची तिसरी शिट्टी व्हायचीय, "चला, पाळकसाहेब उभे राहिलेसुद्धा असतील." मूल बाकावर आपल्या शेजारी बसलं की जिवाला शांतता. उपासना संपल्यावर पटांगणात सगळ्यांशी सलाम-सलाम करताना कुणी म्हणालं, "तुमची मुलं किती नियमित हो!", की तो दिवस गोड जातो. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते विचारायला वेळ कुणाला आहे? घरी मटण शिजायचं असतं.

लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट आठवते का? वल्हांडण सण आटोपून मरिया आणि योसेफ परत निघतात. बारा वर्षांचा मुलगा सोबत्यांच्या घोळक्यात असेलच, असं धरून एक दिवसाची वाट चालून जातात. मग लक्षात येतं, तो नाहीच. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल, पण त्या भातानंतर पहिल्यांदा मला मरियेची दया आली. आपणही तेच करतो. संडे स्कूलला जातोय, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतोय, म्हणजे आहे घोळक्यात. आणि तीन दिवसांनी तो सापडतो तेव्हा काय करत असतो? मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत असतो, प्रश्न विचारत असतो.

तर ही अशी सुरुवात. कॉलनीतल्या आणखी दोघी आयांशी बोलले, शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी मुलांचा बायबल अभ्यास करायचं ठरलं. वय तेरा ते सतरा. मी हौसेने कामाला लागले. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, आठवड्याचं पाठांतराचं वचन, सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. पहिल्या शनिवारी अकरा मुलं आली. तिसऱ्या शनिवारी चार, त्यातली दोन माझीच, आणि धाकटा फक्त बटाटेवड्यांसाठी बसलेला. "आई, ही आणखी एक ट्यूशन झाली गं," लेक म्हणाली. झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर मी अजून वाण्याच्या याद्या लिहिते.

मग आम्ही कागद बाजूला ठेवले आणि मार्क घेतला. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, 16 अध्याय, पटापट पुढे जाणारा. दर शनिवारी एकच अध्याय, आळीपाळीने मोठ्याने वाचायचा. मग प्रत्येकाने एवढंच सांगायचं: काय आवडलं, काय खटकलं. बस. मोठ्यांनी मधे बोलायचं नाही. हा नियम मुलांनी केला, आणि बाई, किती जड गेला म्हणून सांगू! तोंडाशी आलेलं प्रवचन गिळायला मला दर वेळी उठून स्वयंपाकघरात जावं लागायचं.

भाषेची अडचण आलीच. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची. 'परूशी', 'जकातदार' आले की अडखळतात, जोडाक्षराला तर थांबतातच. मग एकाने मोबाईलवर इंग्रजीत वाचायचं, दुसऱ्याने आजोबांच्या जाडजूड मराठी बायबलमधून. शास्त्र मोबाईलवर वाचायचं म्हणून एक आजोबा नाराज झाले. त्यांना मी म्हटलं, पंडिता रमाबाईंनी केडगावात वर्षानुवर्षं बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते कशासाठी? खेड्यातल्या साध्या बायकांना कळावं म्हणूनच ना? 1922 मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये. कळण्यासाठी एवढा खटाटोप त्यांनी केला, आपण मोबाईल तरी चालवून घेऊ.

रमाबाईंचं नाव आपण केवढ्या अभिमानाने घेतो. पण त्या कशा होत्या? 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या धर्मभगिनींनी त्यांना सांभाळलं त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. कुणी वरून सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. आज त्या पंधरा वर्षांच्या असत्या आणि आमच्या घरी जेवायला असत्या, तर मी त्यांनाही भातच वाढला असता.

मुलांना काय सापडेल याचा नेम नसतो. येशूला धरतात त्या रात्री अंगावरचं वस्त्र टाकून उघडाच पळालेला तरुण मार्कमध्ये आहे. त्याच्याबद्दल ओळ-दीड ओळ असेल, आणि मुलं अर्धा तास त्यावरच. आधी हसून लोळली. मग एक मुलगा म्हणाला, "मी पण पळालो असतो." पुढे कोण-कोण कुठून पळालंय ते निघालं, शाळेतल्या मारामारीपासून मित्राला एकटं टाकण्यापर्यंत. प्रश्नपत्रिकेतून हे निघालं असतं का?

शेजारच्या मंडळीत अशाच गटाला येणारे एक पाहुणे दीड तास बोलतात म्हणे. त्यांना कुणीतरी प्रेषितांच्या कृत्यांतला युतुख दाखवायला हवा. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं, खिडकीत बसलेला हा पोरगा पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने निदान खाली जाऊन त्याला कवटाळलं तरी.

माझं एक चुकलं तेही सांगते. एका मुलाने शनिवारी काही सांगितलं. गंमतीचंच होतं, पण त्याचं होतं. मी भाजी घेता घेता त्याच्या आईला बोलून गेले. तो दोन शनिवार आला नाही. मग मी त्याच्या घरी गेले, एकटं गाठून म्हटलं, "चुकलं रे माझं." त्याने नुसतं "बरं" म्हटलं. पुढच्या शनिवारी आला, पण बरेच दिवस माझ्याकडे पाहून बोलत नव्हता. मुलांनी सांगितलेलं गल्लीत फिरलं की गट संपलाच म्हणून समजा. मात्र कुणी कुणाला इजा करतंय, किंवा मूल स्वतःच्याच जिवावर उठलंय असं कळलं, तर ते पोटात ठेवायचं नाही. त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, लागलं तर 1098 या चाइल्डलाइनला फोन करायचा. हे आता आम्ही नव्या मुलाला आधीच सांगून ठेवतो.

बाकी बारीकसारीक. खोलीचं दार उघडं, घरात दोन मोठी माणसं. लेकीची एक मैत्रीण, आपल्या समाजातली नव्हे, वड्यांच्या वासाने येऊन बसायला लागली. तिच्या आईला मी स्वतः फोन केला, इथे काय चालतं ते सांगितलं, "तुम्हाला चालत असेल तरच पाठवा" म्हटलं. पोर दुसऱ्याची आहे, लपूनछपून काही नको. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की सुट्टी. त्या महिन्यात आले नाहीत म्हणून कुणाला टोमणे मारू नका, मी मारलेत, उपयोग होत नाही.

आता त्या एका शनिवारचं. पाऊस होता, सहाच जणं आली होती. मार्क बाजूला ठेवून लेकीने स्तोत्र 88 काढलं. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर तिने पान उलटलं, परत मागे आली. "इथेच संपतं?" कुणी बोलेना. मग एकजण म्हणाला, "म्हणजे देवाला असंही म्हणता येतं?" आणि मग लेक आजीबद्दल बोलली. जेवताना विचारलेलं सगळं, आणि त्याहून बरंच.

मी दारात चटणीची वाटी घेऊन उभी. या वेळी स्वयंपाकघरात गेले नाही. "मला नाही माहीत गं," म्हटलं, "मलाही राग आला होता. अजून येतो." तिने वर पाहिलं. मला वाटलं होतं तिचा विश्वास डळमळेल. ती म्हणाली, "मग सांगायचंस ना." आणि नाक पुसत वाटी माझ्या हातातून घेतली.

मार्क एकदा संपवून पुन्हा घेतलाय, सध्या अकरावा अध्याय चाललाय. येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो तिथे गाडी अडलीय. हंगामच नव्हता, मग झाडाचा काय दोष, म्हणून मुलं चिडलीत. जीवशास्त्रवाला तर फारच. मला काही सुचेना, म्हणून रविवारी पाळकसाहेबांना विचारलं. ते हसले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "शनिवारी येऊ का ऐकायला?"

मुलांची बैठक झाली. यायला हरकत नाही, पण खुर्ची मिळणार नाही, चटईवर बसावं लागेल, आणि त्यांची पाळी शेवटी. निरोप मी पोचवलाय. या शनिवारी चार बटाटे जास्त उकडायचेत.