विमान तर सगळेच घेतात, यांनी धावपट्टीच बांधली! बँकॉक एअरवेजची गोष्ट



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न कोणता, सांगू? "सर, गाळा भाड्याने घेऊ की स्वतःचा करू?" याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यापासून जरा लांबच राहा. त्यापेक्षा आज एक गोष्ट वाचा, थायलंडची.

डॉ. प्रासर्ट प्रासार्टटोंग-ओसोथ हे पेशाने सर्जन. बँकॉकमधला मोठा खासगी हॉस्पिटल समूह त्यांनीच उभा केला. पण त्याआधी, १९६८ मध्ये, त्यांनी 'सहकोल एअर' नावाने छोटी विमानसेवा सुरू केली होती. वेळापत्रक वगैरे काही नाही. कंत्राट असेल तसं लोकांना नेऊन सोडायचं, म्हणजे आपल्या भाषेत हवेतली टॅक्सी. नियमित वेळापत्रकाची सेवा सुरू झाली १९८६ मध्ये. मधली अठरा वर्षं मोजा. पहिल्या सहा महिन्यांत "सर, धंदा बसत नाहीये" म्हणणाऱ्यांनी तर दोनदा मोजा!

आता अडचण बघा. थायलंडमध्ये तेव्हा सरकारी विमान कंपनीचा दबदबा. मोठ्या शहरांचे मार्ग तिच्याकडे. नवीन खेळाडूने त्याच मार्गावर तिच्याशी भावाची स्पर्धा करायची? केली असती तर ही गोष्ट आज लिहायला मी बसलोच नसतो.

डॉक्टरांची नजर गेली समुई बेटावर. नारळाच्या बागा, सुंदर किनारे, पण पोहोचणं म्हणजे दिव्य. बँकॉकहून आधी रेल्वेने किंवा बसने सुरत थानीला जायचं आणि तिथून बोटीने बेटावर. (हो, सुरत थानी! या गावाचं नाव आपल्या गुजरातच्या सुरतेवरूनच ठेवलंय.) बेटावर विमानतळच नव्हता. कुणी म्हणालं असतं, "मग तिथे विमान कसं नेणार?" हे म्हणाले, "विमानतळ आपणच बांधू." १९८२ मध्ये काम सुरू झालं आणि एप्रिल १९८९ मध्ये समुई विमानतळ उघडला. सात वर्षं नुसता पैसा ओतायचा, येणं शून्य. हे झेपलं, कारण डॉक्टरांचा हॉस्पिटलचा दुसरा व्यवसाय उभा होता, असं मला वाटतं. तुमच्याकडे तसा आधार आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

पुढे काय झालं? बेट पर्यटकांनी भरलं आणि आकाशातून येणारा दरवाजा यांच्या मालकीचा! दुसऱ्या कंपनीला उतरायचं तर शुल्क यांना. सरकारी थाई एअरवेजने २००८ मध्ये समुईला सेवा सुरू केली आणि २०१८ मध्ये बंद केली. बँकॉक एअरवेज मात्र तिथेच आहे. तिकीट महाग, अशी प्रवाशांची तक्रार जुनी आहे, आणि ती खोटी नाही. दरवाजा एकाच्या हातात असला की गिऱ्हाईक कुरकुरणारच. म्हणून ही कंपनी साध्या तिकिटावरच्या प्रवाशालाही लाउंजमध्ये बसवते, चहा-खाऊ देते. 'आशियाची बुटीक एअरलाइन' ही तिची ओळख. भाव कमी करायचा नसेल, तर पाहुणचार वाढवावा लागतो.

आता ताफ्याकडे या, कारण इथे बरेच जण चुकतात. समुईची धावपट्टी साधारण दोन किलोमीटर. म्हणून तिथे मुख्यतः पंख्याची, सत्तर आसनांची एटीआर ७२ आणि एअरबसचं छोटं ए३१९ अशी विमानं जातात. सुरुवातीला डॅश ८ होती, मध्ये बोइंग ७१७ येऊन गेली. आधी जागा आणि गिऱ्हाईक बघितलं, मग यंत्र घेतलं. आपण उलटं करतो. सबसिडी मिळतेय म्हणून मोठं मशीन घेतो आणि मग त्याला पुरेल एवढं काम शोधत गावभर फिरतो.

ही गोष्ट नुसती यशाची नाही. २१ नोव्हेंबर १९९० रोजी पावसाळी हवेत समुईला उतरताना डॅश ८ कोसळलं आणि आतले सर्व ३८ जण गेले. ४ ऑगस्ट २००९ रोजी एक एटीआर उतरताना जुन्या नियंत्रण मनोऱ्यावर आदळलं. त्यात वैमानिकाचा जीव गेला. विमान तुमचं, विमानतळही तुमचा, म्हणजे बोट दाखवायला दुसरा कुणी उरत नाही. मालकीबरोबर हेही येतं, आणि ते कर्जाच्या फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नसतं.

शिवाय तोच डाव दरवेळी तसाच चालत नाही. कंपनीने १९९६ मध्ये सुखोथाईला आणि २००३ मध्ये त्रातला स्वतःचे विमानतळ काढले. सुखोथाईला जागतिक वारशाचे अवशेष आहेत, त्रातजवळ कोह चांग बेट आहे. तरी समुईसारखी गर्दी तिथे झाली नाही. रस्त्यानेही जाता येतं ना! समुईला समुद्र आडवा होता. तीच यांची खरी ठेव.

आणि २०२०? कोविडमध्ये एप्रिलपासून उड्डाणं थांबली. १५ मे रोजी पुन्हा सुरुवात केली ती बँकॉक-समुई मार्गानेच. पर्यटकच नसतील तर स्वतःच्या विमानतळाचं तरी काय करणार? अशा वेळी बाकीचे धंदे कामाला येतात. बँकॉकच्या मोठ्या विमानतळावर दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांसाठी जेवण पुरवणं, सामान हाताळणं, मालवाहतूक हे सगळं या समूहाच्या कंपन्या करतात. तेही २०२० मध्ये मंदावलंच, पण एरवी प्रतिस्पर्ध्याचं विमान उडालं तरी यांच्या गल्ल्यात चार पैसे पडतात.

तर गाळ्याचा प्रश्न. सही करण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. तुमच्या गिऱ्हाइकाच्या वाटेत 'समुद्र' कुठे आहे, म्हणजे आज त्याला कुठे त्रास होतो? तो त्रास मिटवायला जागा स्वतःचीच हवी, की भाड्याचीही चालेल? आणि किती महिने एक रुपयाही आला नाही तर घर चालेल? तिसऱ्याचा आकडा घरच्यांना विचारून लिहा, अंदाजाने नको. व्हिडिओखाली टाका, पुढच्या रविवारी त्यातले काही आकडे घेऊन आपण हिशोब मांडू.